पार्श्वभूमी : घरच्या ट्रस्टमध्ये लाभार्थीच्या हातात काय असते?

सोलापुरात ‘ट्रस्ट’ म्हटले की देवस्थान, शाळा, वसतिगृह हेच डोळ्यांपुढे येते. म्हणून घरच्या ट्रस्टवरून भावंडांत बिनसले की पहिला हेलपाटा धर्मादाय कार्यालयात होतो आणि माणूस हात हलवत परत येतो. ते कार्यालय चालते 1950 च्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्याने. वडिलांनी साखर पेठेतले घर आणि अक्कलकोट रोडवरचे यंत्रमागाचे शेड मुला-नातवंडांच्या, म्हणजे लाभार्थींच्या, भल्यासाठी विश्वस्तांच्या नावे केले असेल, तर तिथे 1882 चा न्यास कायदा लागतो आणि दाद दिवाणी न्यायालयात मागावी लागते.

1882 चा कायदा सुरुवातीला मुंबई इलाख्याला लागूच नव्हता, तो पुढे लागू केला गेला. एकत्र कुटुंबातल्या माणसांचे आपसातले हक्क त्याने पहिल्याच कलमात बाजूला ठेवले. त्याआधी 1872 मध्ये, ख्रिस्ती झालेल्या मुलाला वगळणाऱ्या कलकत्त्याच्या एका मृत्युपत्रावर लंडनहून निकाल आला होता: हिंदू कायद्याला मालकीचा जो प्रकार मान्य नाही, तो ट्रस्टच्या आडून निर्माण करता येणार नाही. वडिलोपार्जित मिळकत एकट्या कर्त्याने (कुटुंबप्रमुखाने) ट्रस्टमध्ये घातली की आजही पहिला हल्ला याच बाजूने होतो.

लाभार्थीचा हक्क कलम 3 मध्ये सांगितला आहे. विश्वस्त हा मालक, आणि लाभार्थीचा हक्क त्या मालकाविरुद्ध. त्यामुळे सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आपले नाव नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. भाडे आणि उत्पन्न मागता येते (कलम 55). डीड (ट्रस्टचा दस्त), हिशेब आणि कागदपत्रे पाहून नकला घेता येतात (कलम 57). विश्वस्ताला कर्तव्य करायला भाग पाडता येते, त्याला गैरकृत्यापासून रोखता येते (कलम 61). त्याने मिळकत विकली तर तिचा माग तिसऱ्या माणसापर्यंत काढता येतो. मात्र ट्रस्टची माहिती नसताना, प्रामाणिकपणे पैसे मोजून घेणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. यात कलम 57 मला सर्वांत मोलाचे वाटते. हिशेब दिसल्याशिवाय पुढची कुठलीच मागणी नीट मांडता येत नाही.

अलीकडच्या काळात सर्वांत जास्त चर्चा झाली ती ऑगस्ट 2016 च्या निकालाची. मुंबईतल्या एका कुटुंबाच्या 1983 च्या डीडमध्ये भांडण झाल्यास लवादाकडे, म्हणजे न्यायालयाबाहेरच्या पंचाकडे, जावे असे कलम होते. पुढे लाभार्थींमध्येच दोन तट पडले आणि उच्च न्यायालयाने लवाद नेमला. सर्वोच्च न्यायालयाने ती नेमणूक रद्द केली. कारणे दोन दिली. पहिले, डीडवर लाभार्थीची सही नसते. त्याने लाभ घेतला एवढ्यावरून तो लवादाच्या कराराचा पक्षकार ठरत नाही. दुसरे, दाद कुठे मागायची हे 1882 च्या कायद्यातच ठरलेले असल्याने लवादाला तिथे गर्भित मनाई आहे. दुसऱ्या कारणावर टीका झाली, आणि ती मला पटते: सगळे सज्ञान लाभार्थी वाद उभा राहिल्यावर स्वतः सही करून लवाद मागत असतील, तर त्यांना का अडवावे? शिवाय दिवाणी दाव्यात वर्षे जातात, घरातले सगळे चव्हाट्यावर येते.

पण पहिले कारण भक्कम आहे. आपल्याकडे चार जाणत्यांना बसवून मिटवण्याची रीत जुनी आहे, आणि ती अनेकदा उपयोगी पडते. मात्र डीड झाले तेव्हा पाळण्यात असलेल्या नातीला, आजोबांनी नेमलेल्या विश्वस्तांनी मान्य केलेल्या लवादापुढे उभे करणे अन्यायाचे आहे. तिला कुणी विचारलेले नसते. तिच्यासाठी न्यायालयाचे दार उघडे राहिले, हे मला महत्त्वाचे वाटते.

मुलींचे स्थानही याच काळात बदलले. महाराष्ट्राने 1994 मध्ये अविवाहित मुलींना सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून वाटेकरी, केले. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची अट गेली, आणि वडील दुरुस्तीच्या तारखेला हयात असणे गरजेचे नाही हे 2020 मध्ये स्पष्ट झाले. त्यामुळे मुलीपुढे आता दोन वाटा असतात: लाभार्थी म्हणून ट्रस्ट पाळायला लावणे, किंवा सहदायक म्हणून ट्रस्टलाच आव्हान देऊन वाटप मागणे. घाईत हक्कसोडपत्रावर सही झाली की दुसरी वाट जवळजवळ बंद होते.

मुदतीचा हिशेबही वेगळा आहे. ठरावीक हेतूसाठी मिळकत ज्याच्याकडे सोपवली, त्या विश्वस्ताविरुद्ध ती मिळकत किंवा तिचा हिशेब मागायला 1963 च्या मुदत कायद्याच्या कलम 10 मुळे मुदत आडवी येत नाही. कितीही वर्षांनी दावा लावता येतो. मोबदला देऊन विकत घेणाऱ्याकडून स्थावराचा ताबा मागायचा असेल तर विक्री कळल्यापासून 12 वर्षे. दावा सोलापुरातच लागतो. उच्च न्यायालयातल्या अपिलासाठी मात्र ऑगस्ट 2025 पासून मुंबईऐवजी कोल्हापूर गाठावे लागते.