रक्तचाचणीतील औषधजन्य व्यत्यय

चालू औषधामुळे रक्ततपासणीच्या आकड्यावरून शरीराच्या स्थितीचा चुकीचा अंदाज येणे. याचे दोन प्रकार मानतात. पहिल्यात औषध शरीरातच बदल घडवते : स्टिरॉइडने साखर वाढते, क्षयरोगावरील पायराझिनामाइडने यूरिक आम्ल. येथे आकडा खरा, अर्थ तेवढा चुकतो. दुसऱ्यात औषध परीक्षानळीतील अभिक्रियेतच ढवळाढवळ करते. काटेकोरपणे व्यत्यय तो हाच, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून बाहेर टाकतात ते टाकाऊ द्रव्य; त्याच्या आकड्यावरून मूत्रपिंडाचे काम जोखतात) याच्या मापनात दोन्ही प्रकार आढळतात. जुनी, स्वस्त व अद्याप रूढ असलेली पद्धत माक्स याफे यांच्या नावाने ओळखली जाते. परंतु त्यांनी १८८६ मध्ये नोंदवली ती क्रिएटिनिन व पिक्रिक आम्ल यांची अभिक्रिया. तिच्यावरून मापनपद्धती बसवली ती ओटो फोलिन यांनी, विसाव्या शतकाच्या आरंभी. त्यामुळे श्रेय खरे तर फोलिन यांच्याकडे जाते. क्षारीय द्रावणात उमटणारा नारिंगी रंग केवळ क्रिएटिनिनचा नसतो. सेफॉक्सिटिनसारखी काही प्रतिजैविकेही तो देतात आणि मूत्रपिंड धड असताना आकडा चढतो. ट्रायमेथोप्रिम हे प्रतिजैविक मात्र मूत्रनलिकांतून होणारा क्रिएटिनिनचा स्राव रोखते, म्हणून तेथील वाढ खरी असते. मूत्रपिंडाची गाळणक्रिया मंदावलेली नसते इतकेच.

बायोटिन या ब-गटातील जीवनसत्त्वाची दैनंदिन गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम. केसांसाठीच्या गोळीत ५ ते १० मिलिग्रॅमही असते. बायोटिन व त्याला घट्ट चिकटणारे स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन या जोडीवर चालणाऱ्या चाचण्यांत त्यामुळे टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) खोटे कमी व टी-४ (त्या ग्रंथीचे संप्रेरक) खोटे जास्त दिसून, नसलेला अतिथायरॉइड विकार कागदावर उमटतो. हृदयविकाराची ट्रोपोनिन चाचणीही खोटी कमी येऊ शकते, आणि ते अधिक घातक. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला. थायरॉइड तपासणीपूर्वी किमान दोन दिवस ही गोळी थांबवण्यास सांगतात. मात्रा मोठी असल्यास अधिक.

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी घेतलेला नमुना अशा चाचण्यांसाठी बहुधा लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा थेट पुण्या-मुंबईला जातो. सोबत नाव, वय आणि ‘उपाशीपोटी’ एवढेच लिहिलेले असते. चालू गोळ्या विचारल्याशिवाय सहसा कोणी सांगत नाही. ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणून परिचित असलेल्या एचबीए१सी चाचणीत कुष्ठरोगावरील डॅप्सोनमुळे आकडा खोटा कमी येतो, कारण तांबड्या पेशींचे आयुष्य घटते. उलट लोहाच्या कमतरतेत तो चढलेला असतो आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर, साखर तेवढीच असूनही, उतरतो.