ब्रश ठीक आहे, केस सादळलेत

गणपतीला मुंबई-पुण्याहून कोकणातल्या घरी येणाऱ्या मुलींच्या बॅगेत हल्ली हॉट एअर ब्रश, म्हणजे गरम हवा सोडत केस वळवणारा विजेवरचा गोल ब्रश, हमखास असतो. मुंबईत सकाळी सेट केलेले केस संध्याकाळपर्यंत जागचे हलत नाहीत. इथे मात्र आरतीआधी तासभर खपून वळवलेली टोकं नैवेद्याची पानं वाढेपर्यंत सरळ होतात आणि कपाळावरचे बारीक केस पिंजारून उभे राहतात. मग घरातलं कुणीतरी निदान सांगून मोकळं होतं, "बावीचं पाणी मानवत नाही गो तुला." रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत हे वाक्य इतक्यांदा कानावर आलंय की त्या बिचाऱ्या विहिरींची बाजू कुणीतरी मांडायलाच हवी.

जांभ्या दगडातून झिरपलेलं पाणी सहसा मऊ असतं. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार त्यात कमी असतात, साबणाला फेस छान येतो. खाडीलगतच्या खारट विहिरी सोडल्या तर केस धुवायला याहून चांगलं पाणी मिळणं कठीण. दोष पाण्याचाच आहे, पण तो हवेतल्या पाण्याचा.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. या प्रथिनाच्या लांब साखळ्या एकमेकींना मुख्यतः दोन तऱ्हांनी बांधलेल्या असतात. गंधकाच्या अणूंमधले डायसल्फाइड बंध पक्के असतात. पाण्याने ते सुटत नाहीत, ब्रशच्या गरम हवेनेही नाहीत. पार्लरमध्ये पर्मिंग करताना, म्हणजे केस कायमचे कुरळे करताना, रसायनं वापरून तेच तोडतात आणि नव्या जागी जोडतात. दुसरे हायड्रोजन बंध. एकेकटा घेतला तर फारच कमजोर, पण त्यांची संख्या अफाट. पाण्याच्या रेणूलाही हायड्रोजन बंध करता येतात, त्यामुळे तो दोन साखळ्यांच्या मध्ये सहज घुसतो आणि त्यांची आपसातली पकड ढिली करतो. केस ओला असताना बंध सुटतात, वाळताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. घरी केस सेट करणं म्हणजे एवढंच.

बहुतेक लेख इथे थांबतात. पण हाताला पूर्ण कोरडा लागणारा केस, त्यावर पाण्याचा थेंबही पडलेला नसताना, नुसत्या खोलीत बसून आकार का सोडतो, हे यातून कळत नाही. खरी मजा तिथे आहे.

भाजलेला पापड पावसाळ्यात ताटलीत उघडा ठेवला तर थोड्या वेळात सादळतो. जो मोडत होता तो आता वाकतो. तापमान तेच आहे, मग बदललं काय? पापडातला स्टार्च किंवा केसातलं केराटिन अशा पदार्थांना एक मऊ पडण्याचं तापमान असतं, त्याला ग्लास ट्रान्झिशन तापमान म्हणतात. त्याच्या खाली रेणू जागच्या जागी गोठल्यासारखे असतात आणि पदार्थ ताठ राहतो. त्याच्या वर रेणूंना सरकायला मोकळीक मिळते. पदार्थाने जितकं पाणी शोषलं तितकं हे तापमान खाली घसरतं. म्हणजे आपण तापवलंच पाहिजे असं नाही. दमट हवेत तो मर्यादाबिंदूच खाली उतरून खोलीच्या तापमानाला येऊन भिडतो.

आता केसाचे आकडे बघा. कोरड्याठाक केसाचं मऊ पडण्याचं तापमान १४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता २० ते २५ टक्क्यांवर उतरते, तेव्हा केसात वजनाच्या जेमतेम पाच-सहा टक्के पाणी उरतं आणि हे तापमान शंभर अंशांच्या जवळपास असतं. बाहेर ४२-४३ अंशांचा वणवा असला तरी केसाच्या दृष्टीने ती थंडीच. श्रावण-भाद्रपदात कोकणात आर्द्रता ९० टक्क्यांना टेकते. केसातलं पाणी २० टक्क्यांच्या घरात जातं आणि मऊ पडण्याचं तापमान थेट ३० ते ३५ अंशांवर येतं. माजघरात २८ अंश तापमान आहे. तुमचा केस अगदी काठावर उभा आहे! थोडा घाम आला, चुलीजवळ दहा मिनिटं उभं राहिलं, पावसाची सर येऊन गेली, की साखळ्या सरकू लागतात. केसाचं स्वतःचं वजन खाली ओढतच असतं, त्यामुळे वळवलेलं टोक हळूहळू उलगडतं.

ब्रशवर काय घडतं तेही याच हिशेबाने बघता येतं. धुतलेल्या केसाच्या आत वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलेलं असतं, बाहेरून चिकटलेलं वेगळंच. अशा केसाचं मऊ पडण्याचं तापमान खोलीच्या तापमानाहून बरंच खाली असतं, म्हणून तो वळवाल तसा वळतो पण टिकवून काहीच धरत नाही. ओली बट ब्रशवर गुंडाळली की आधी वाफ निघते आणि गरम हवा अंगावर घेत असूनही केस बोटांना गारच लागतो, कारण बाष्पीभवन उष्णता ओढून घेत असतं. या काळात ब्रश कितीही फिरवा, मेहनत वाया. मग एका क्षणी बट एकदम तापते. बाहेरचं पाणी संपलं, आता आतलं निघू लागलं. केसाचं तापमान चढून ६०-७० अंशांवर जातं, पण त्याच वेळी पाणी कमी होत असल्याने मऊ पडण्याचं तापमान त्याहून वेगाने वर चढत असतं. ते पुढे निघून गेलं की आकार पक्का. त्या क्षणी केस ब्रशवर ज्या गोलाईत असेल तीच गोलाई राहणार. बट गार होईपर्यंत तशीच ठेवली तर दोन तापमानांमधलं अंतर आणखी वाढतं. थंड हवा सोडणारं कूल बटण त्यासाठीच दिलेलं असतं आणि बहुतेकजणी नेमकं तेच वापरत नाहीत.

म्हणून ठिबकत्या केसांवर ब्रश लावू नये. पंच्याने टिपून, पंख्याखाली केस जवळजवळ वाळवून घ्यावेत आणि शेवटचा ओलावाच तेवढा ब्रशवर घालवावा.

ब्रश हवेतलं बाष्प काढून टाकतो असा एक समज आहे. तो काहीही काढत नाही. ३० अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवाच तो ओढतो आणि तापवतो. पण ८० अंशांच्या हवेत बाष्प मावण्याची क्षमता ३० अंशांच्या तुलनेत बाष्पाच्या दाबाच्या हिशेबाने अकरापट असते, त्यामुळे तेवढंच बाष्प असूनही सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात किती आहे ते प्रमाण, आठ टक्क्यांवर येते. ब्रशजवळच्या त्या वीतभर जागेत केसाला नागपूरचा मे महिना भेटतो. ब्रश बाजूला झाला की पुन्हा भाद्रपद, आणि काही मिनिटांत केस बाष्प प्यायला लागतो. मुंबईत केस टिकतात ते एसीमुळे. एसी मात्र बाष्प खरोखरच काढतो, ते पाणी नळीतून बाहेर ठिबकताना दिसतंच.

केसाचा हा गुण इतका भरवशाचा आहे की जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७८३ साली त्यावरून आर्द्रता मोजण्याच्या उपकरणाचं वर्णन केलं. कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेला की माणसाचा केस दोन-अडीच टक्क्यांनी लांबतो, आणि त्याला जोडलेला काटा सरकतो. आपल्या हवामान खात्याच्या वेधशाळांतही केसांवर चालणारे हायग्रोग्राफ, म्हणजे आर्द्रतेचा आलेख काढणारी उपकरणं, वापरात होते.

आता जाहिरातींबद्दल. 'आयनिक' ब्रशवर, म्हणजे आयन हे विद्युतभारित कण हवेत सोडणाऱ्या ब्रशवर, लोक जास्तीचे पैसे मोजतात. आयनांचा उपयोग झालाच तर स्थिर विद्युतभार घालवण्यासाठी, आणि तो भार साठतो कोरड्या हवेत. कोकणच्या पावसाळ्यात तो आपोआप निघून जातो. इथे त्या बटणाला काम नाही.

तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नयेत, बाधा होते, हे अजूनही मुलींना सांगितलं जातं. हल्ली त्याला वर विज्ञानाची फोडणी देतात, की संध्याकाळी आर्द्रता वाढते हे पूर्वजांना ठाऊक होतं वगैरे. संध्याकाळी सापेक्ष आर्द्रता वाढते हे खरं आहे. त्याने केस सादळतात. भूत लागत नाही, आणि घाबरवलं जातं ते फक्त मुलींना, याचं उत्तर कुठल्याही आर्द्रतेत सापडणार नाही.

खोबरेलाचं मात्र वेगळं. मुंबईतल्या दोन संशोधकांनी २००३ साली दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाचं तेल किंवा मिनरल ऑइल तसं करत नाही. लॉरिक आम्लाचे आखूड, सरळ रेणू याला कारण. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही सांगायला हवं. तेल धुण्याआधी लावावं. सेट केल्यावर एखादा थेंब टोकांना चालेल, त्याने बाष्प आत जाण्याचा वेग जरा कमी होतो, थांबत नाही.

गावाकडे आणखी एक अडचण असते, लो व्होल्टेजची. ब्रशची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १००० वॉट देणारी तार १८० व्होल्टला साधारण ६१० वॉटच देते, आणि आतला पंखाही मंदावतो. हवा कोमट लागली तर ब्रश दुरुस्तीला टाकण्याआधी घरात व्होल्टेज किती येतंय ते बघा. अशा वेळी बटा बारीक घ्या आणि प्रत्येकीला जास्त वेळ द्या. लाइट गेली तर ब्रश इन्व्हर्टरवर लावू नका, घरगुती लहान इन्व्हर्टरला एवढा भार झेपत नाही.