ग्रिल आधी घासून ठेवू नका

नौपाडा, पाचपाखाडी, कोपरीच्या जुन्या इमारतींत किंवा वाशीच्या सिडको घरांत रंगकामाला गेलो, की गणपती-दिवाळीच्या आधी हमखास ऐकायला मिळतं : "ग्रिल आणि चौकटी आम्ही घासून ठेवल्यात, तेवढी मजुरी कमी करा." पैसे वाचवायचा हेतू आम्हाला समजतो. पण जुन्या ऑइल पेंटमध्ये विषारी शिसं असू शकतं आणि घासताना त्याची पूड घरभर उडते. म्हणून घरात लहान मूल असेल तर हे काम कृपया करू नका, वॉचमनकडूनही करून घेऊ नका.

रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर नको, असा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, त्यातही पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत, हे प्रमाण हजारोंच्या घरात सापडलेलं आहे. म्हणून 2017 च्या आधीचा ऑइल पेंट आम्ही शिशाचाच धरून चालतो. भिंतीवरच्या डिस्टेंपरची एवढी काळजी नसते. लक्ष द्यायचं ते दारं, खिडक्या, ग्रिल, जुना पाळणा यांच्याकडे.

कोरड्या पॉलिशपेपरने घासलं की पीठासारखी पूड उडते. ती गादीत, पंख्यावर, खेळण्यांवर बसते आणि रांगत्या मुलाच्या हातावरून तोंडात जाते. पोटात गेलेलं शिसं मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात. त्याचा परिणाम मेंदूवर होतो : शिकणं, लक्ष लागणं मागे पडतं. बाहेरून बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, आणि झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही. सुरक्षित म्हणावं असं प्रमाणच नाही. गरोदर बाईनेही या पुडीपासून लांब राहावं.

आधीच घासलेल्या घरात आमचा पहिला दिवस रंगात जात नाही, पूड गोळा करण्यात जातो. केरसुणी मारली असेल तर ती सगळ्या खोल्यांत पसरलेली असते. वाचलेल्या मजुरीपेक्षा ही साफसफाई महाग पडते.

आमचं काम थोडं हळू होतं, त्याचं कारण हेच. एका वेळी एकच खोली, दाराला प्लास्टिक चिकटवून बंद. घासायचं ते वॉटर पेपरने, पाणी मारत. ग्राइंडर नाही, ब्लो लॅम्पने रंग जाळणं तर अजिबात नाही, कारण त्यातून शिशाची वाफ निघते. पापुद्रे जाड पिशवीत बांधतो, मग बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने आणि ओल्या फडक्याने लादी पुसतो. याचे दर थोडे जास्त आहेत, ते कोटेशनमध्ये वेगळे लिहिलेले असतात. जिथे जुना रंग घट्ट बसलेला आहे तिथे तो काढायचीही गरज नसते. वरवर ओलं घासून त्यावर नवा हात देता येतो, खर्चही कमी होतो. कुठे काढायचा आणि कुठे ठेवायचा, हे आम्ही घर बघून सांगतो. बघायला येण्याचे पैसे घेत नाही.

घासून झालंच असेल तर झाडू नका, पंखा लावू नका. मुलांना दुसऱ्या खोलीत न्या, त्यांचे हात आणि खेळणी धुवा, लादी ओल्या फडक्याने पुसा आणि ते पाणी कुंडीत ओतू नका. मूल त्या धुळीत खेळलं असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. आणि आम्हाला फोन कराल तेव्हा घरात सहा वर्षांखालचं मूल आहे का, हे आधी सांगा. त्यानुसार मुलांची खोली कधी घ्यायची ते ठरवतो.