आपत्कालीन वैद्यकीय माहितीपत्रक

अचानक आजार बळावल्यास किंवा अपघात झाल्यास रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागातील डॉक्टरांना लगेच लागणारी माहिती एका कागदावर आधीच लिहून घरातल्या सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवली जाते, त्या कागदास आपत्कालीन वैद्यकीय माहितीपत्रक म्हणता येईल. घरोघरी असणारी ‘फाईल’ यापेक्षा वेगळी. तिच्यात, म्हणजे बहुधा औषधाच्या दुकानाच्या पिशवीत, वर्षानुवर्षांचे रिपोर्ट, एक्स-रे आणि बिले एकत्र कोंबलेली असतात आणि त्यांतली शेवटची चिठ्ठी कोणती, हे शोधण्यातच वेळ जातो.

नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात, महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात किंवा एखाद्या खासगी रुग्णालयात रुग्ण आणला, तरी पहिले प्रश्न सारखेच असतात: त्रास कधी सुरू झाला, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कशाची अ‍ॅलर्जी आहे, पूर्वी कोणते आजार वा शस्त्रक्रिया झाल्या आणि शेवटचे कधी खाल्ले. शेवटचा प्रश्न नातेवाइकांना अवांतर वाटतो. पण भूल द्यायची वेळ आली, तर पोटात अन्न असणे धोक्याचे असते. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ मोलाची ठरते.

माहितीपत्रकातील सर्वांत महत्त्वाचा भाग औषधांचा. ‘बीपीची अर्धी, शुगरची एक आणि ती रक्त पातळ करायची’ एवढ्या उत्तराने डॉक्टरांचे काम भागत नाही. रक्त पातळ करणारी म्हणून ओळखली जाणारी गोळी अ‍ॅस्पिरिन वा क्लोपिडोग्रेल असेल, तर ती बिंबाणूंवर (प्लेटलेट) काम करते. वॉरफेरिन असेल, तर क्लॉटिंग फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारे घटक, तयार होण्यावर, आणि डोक्याला मार लागून आत रक्तस्राव झाल्यास तिचा परिणाम उलटवण्यासाठी व्हिटॅमिन के व क्लॉटिंग फॅक्टर द्यावे लागतात. शुगरच्या गोळ्यांचेही तसेच आहे. ग्लिमेपिराइडने उतरलेली साखर ग्लुकोजच्या सलाइनने वर आली, तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते, त्यामुळे अशा रुग्णास लगेच घरी सोडत नाहीत. एकट्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. म्हणून कंपनीने दिलेल्या नावाबरोबर पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेले घटकाचे नाव, मात्रा आणि वेळ लिहावी लागते. दुकानातून कापून आणलेल्या चार गोळ्यांच्या तुकड्यावर नाव असतेच असे नाही. ते नेमके कापून गेलेल्या भागावर राहिलेले असते. काढे, चूर्णे आणि दुकानदाराला विचारून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही यादीत हव्यात, कारण लोक त्यांना औषधात धरतच नाहीत.

रक्तगट मात्र समजला जातो तितका निर्णायक नसतो. लिहिलेला रक्तगट कितीही खात्रीचा असला, तरी रक्तपेढी पुन्हा तपासणी आणि क्रॉसमॅच (दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का, ही चाचणी) केल्याशिवाय रक्त देत नाही; पराकोटीच्या तातडीत ओ गटाचे रक्त वापरतात. अपवाद दुर्मीळ गटांचा. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेला बॉम्बे रक्तगट नेहमीच्या चाचणीत ओ असल्यासारखा दिसतो, पण त्या व्यक्तीस ओ गटाचे रक्त चालत नाही. अशी नोंद ठळकपणे वर असावी.

नाशिक जिल्ह्यात आणखी काही गोष्टींची भर पडते. निफाड, दिंडोरी भागातील द्राक्षबागांत फवारणी करताना विषबाधा झाल्यास औषधाचा डबा किंवा त्याचे लेबल रुग्णाबरोबर आणणे हीच सर्वांत उपयोगी माहिती. लेबलावरील तिरक्या चौकोनाच्या खालच्या रंगीत त्रिकोणावरून विषारीपणाची पायरी कळते, त्यात लाल रंग सर्वाधिक विषारी. शिवाय विषावरचा उताराही छापलेला असतो. ऑरगॅनोफॉस्फेट गटाच्या औषधाची बाधा असेल, तर अ‍ॅट्रोपिन देतात. पेठ, सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे निदान झालेल्यांनी त्याचे कार्ड जवळ बाळगावे, एरवी त्यांच्या तीव्र वेदना साधी पोटदुखी समजल्या जाण्याचा धोका असतो. सिंहस्थाच्या गर्दीत घरच्यांपासून चुकलेल्या वृद्धाच्या खिशातील कागदाचे महत्त्व निराळे सांगायला नको.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि ओळखपत्र लागते, त्यांच्या प्रती सोबत असलेल्या बऱ्या. पण तातडीच्या उपचारांनी कागदांची वाट पाहायची नसते. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये जखमीचा जीव वाचवणे हे कायदेशीर सोपस्कारांआधीचे कर्तव्य ठरवले आहे. २०२१ पासून देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील चौदा अंकी आभा (आरोग्य खाते) क्रमांकामुळे नोंदी ऑनलाइन जोडता येतात. मात्र त्या उघडण्यास रुग्णाची संमती लागते आणि बेशुद्ध माणूस ओटीपी सांगू शकत नाही. त्यापेक्षा मोबाइलच्या लॉक स्क्रीनवरून, कुलूप न उघडता दिसणारी आपत्कालीन माहिती सोयीची. तिथे अ‍ॅलर्जी, मुख्य आजार आणि संपर्काचा क्रमांक पुरे. मनोविकाराची किंवा एचआयव्हीची औषधे कोणालाही दिसतील अशी ठेवायची नसल्यास ती पाकिटात बंद कागदावर लिहितात आणि पाकिटाची जागा एका विश्वासू माणसास सांगून ठेवतात. घरातील कागद फ्रिजच्या दारावर किंवा देवघराशेजारी लावतात. त्यावर तारीख घालतात, आणि डॉक्टरांनी गोळी बदलली की नवा लिहून जुना फाडून टाकतात.