टाइमआउट लावला म्हणजे गार्डरेल लावलं, असं नाही

‘पाच सेकंदांचा टाइमआउट आहे ना, मग वाईट क्वेरी आपोआप मरेल.’ पवईपासून लोअर परळपर्यंत कुठल्याही ऑफिसात डिझाइन रिव्ह्यूला बसा, हे वाक्य कानावर पडतंच. एका मशीनवरच्या डेटाबेसला ते बऱ्यापैकी लागूही पडतं. डेटा सहा, नऊ, बारा नोडवर, म्हणजे वेगवेगळ्या मशीनवर, पसरलेला असला की मात्र हा भरवसा महागात पडतो.

टाइमआउट आणि गार्डरेल, दोन्ही क्वेरी थांबवतात आणि दोन्ही लॉगमध्ये लाल अक्षरांत दिसतात. म्हणून त्यांना एकाच माळेचे मणी समजलं जातं. पण टाइमआउट वेळ मोजतो आणि गार्डरेल काम मोजतं: किती ओळी वाचल्या, किती पार्टिशनना (डेटाच्या तुकड्यांना) हात लावला, किती बाइट उचलले. सोसायटीच्या लिफ्टमध्ये ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’ अशी पाटी असते आणि वजन जास्त झालं की बझर वाजून दार मिटतच नाही, ते गार्डरेल. तिसऱ्या मजल्यावर ताटकळलेला माणूस कंटाळून जिन्याने निघून जातो, तो टाइमआउट. तो गेला म्हणून लिफ्टमधलं वजन कमी होत नाही.

एकच सिलेक्ट, पण १,२६० वाचनं

समजा, मुंबईत मोदक, फराळ आणि किराणा घरपोच देणाऱ्या ॲपचं ऑर्डरींचं टेबल कॅसँड्रा या अनेक नोडवर पसरणाऱ्या डेटाबेसात आहे. कुठली ओळ कुठल्या पार्टिशनमध्ये जाते हे ठरवणारी पार्टिशन की दोन भागांची: पिनकोड आणि तारीख. दादरचा ४०००२८ आणि आजची तारीख विचारली की नेमकं एक पार्टिशन उघडतं. हेच टेबल ज्यासाठी बनवलंय ते काम.

आता कोणीतरी डॅशबोर्डसाठी ‘इन’ वापरून ९० पिनकोड आणि ७ तारखा एकाच क्वेरीत टाकतो. दोन याद्यांचा गुणाकार होतो: ६३० पार्टिशनं. डेटाच्या तीन प्रती (रेप्लिका) क्लाउडच्या मुंबई रीजनच्या तीन झोनमध्ये आहेत आणि वाचन लोकल क्वोरमने होतं, म्हणजे प्रत्येक पार्टिशनसाठी किमान दोन रेप्लिकांना विचारावं लागतं. झाली १,२६० वाचनं, आणि त्या सगळ्यांची उत्तरं एका कोऑर्डिनेटर नोडच्या, म्हणजे ॲपची क्वेरी घेऊन बाकीच्यांना विचारणाऱ्या नोडच्या, मेमरीत जमा होणार.

रात्री उशिरा क्लस्टर, म्हणजे या सगळ्या नोडचा गट, मोकळा असतो, तेव्हा हीच क्वेरी सेकंदाच्या आत परत येते. टाइमआउटच्या दृष्टीने सगळं आलबेल. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी ४० मॅनेजर तोच डॅशबोर्ड दर १० सेकंदांना रिफ्रेश होईल असा उघडून बसतात. ४० गुणिले १,२६० म्हणजे दर १० सेकंदांना ५०,४०० वाचनं, सेकंदाला पाच हजारांवर, तेही ग्राहकांची एकही ऑर्डर मोजायच्या आधी. मग टाइमआउट खरोखरच सुरू होतात, पण कोणाचे? रांगेत मागे उभ्या असलेल्या ग्राहकाच्या साध्या, एका पार्टिशनच्या क्वेरीचेसुद्धा. वेळेला गुन्हेगार कोण आणि भरडला कोण हे कळत नाही. टाइमआउटवर एकट्यावर विसंबण्यातला सगळ्यात मोठा धोका आम्ही हाच मानतो: शांत दिवशी तो वाईट क्वेरीला पास करतो आणि गर्दीच्या दिवशी चांगल्या क्वेरीचा बळी घेतो.

गार्डरेलला गर्दीशी देणंघेणं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या कॅसँड्रा ४.१ पासून एका सिलेक्टमध्ये किती पार्टिशन की चालतील आणि ‘इन’च्या याद्यांचा गुणाकार किती चालेल, या दोन्हींवर मर्यादा घालता येते. १०० ही मर्यादा ठेवली, तर ६३० वाली क्वेरी डेव्हलपरने टेस्ट क्लस्टरवर पहिल्यांदा चालवली त्या मिनिटालाच नाकारली जाते. टेबल रिकामं असलं तरी नाकारली जाते. हा फायदा टाइमआउट कधीच देऊ शकत नाही, कारण रिकाम्या टेबलावर सगळ्याच क्वेरी झटपट असतात. मात्र लक्षात ठेवा, या मर्यादा मुळात बंद असतात. उणे एक हा आकडा म्हणजे बंद.

टाइमआउट कोणाचा, हे आधी ठरवा

ॲपच्या बाजूने कॅसँड्राशी बोलणाऱ्या जावा ड्रायव्हरच्या चौथ्या आवृत्तीत रिक्वेस्टचा टाइमआउट मुळात २ सेकंदांचा असतो. कॅसँड्राच्या सर्व्हरवर साध्या वाचनाचा ५ सेकंद आणि रेंज स्कॅनचा, म्हणजे अनेक पार्टिशन चाळत जाणाऱ्या वाचनाचा, १० सेकंद. दोन्हींकडे हात न लावता प्रोडक्शनला गेलात, तर ॲप दोन सेकंदांनी नाद सोडतं, पण कोऑर्डिनेटर पाचव्या सेकंदापर्यंत राबतच असतो. कॅसँड्राच्या प्रोटोकॉलमध्ये ‘ही क्वेरी रद्द कर’ असा निरोपच नाही. रेप्लिका मुदत संपलेलं वाचन मध्येच सोडून देतात हे खरं, पण मुदत म्हणजे सर्व्हरची, ॲपची नव्हे; आणि तोवर डिस्कवरून जे उचललं ते उचललंच.

यात ॲपने स्वतःचा रिट्राय (क्वेरी पुन्हा पाठवणं) घातला असेल तर हिशोब असा होतो: पहिली क्वेरी शून्याव्या सेकंदाला, दुसरी दुसऱ्या, तिसरी चौथ्या. चौथ्या ते पाचव्या सेकंदादरम्यान एकाच प्रश्नाच्या तीन प्रती क्लस्टरवर चालू असतात. रेंज स्कॅन असेल आणि रिट्राय थांबतच नसेल, तर पाच. क्लस्टर बसतो तो बहुतेकदा मूळ क्वेरीने नाही, या प्रतींनी.

म्हणून टाइमआउट आतून बाहेर वाढत जायला हवेत. सर्व्हरवर दीड सेकंद, ड्रायव्हरला दोन, त्याला बोलावणाऱ्या सर्व्हिसला तीन. आकडे तुमच्या कामाप्रमाणे बदला, क्रम बदलू नका.

टाइमआउट निकामी आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. काम मोजून काही दुखणी सापडतच नाहीत. कॉक्रोचडीबी या अशाच अनेक नोडवर पसरणाऱ्या दुसऱ्या डेटाबेसात एखादा ट्रान्झॅक्शन दुसऱ्याने धरलेल्या लॉकपाशी थांबला, तर त्याने जेमतेम एक ओळ वाचलेली असते, पण तो ताटकळत राहतो. डिस्क मंदावली, दोन झोनमधलं नेटवर्क अडखळलं, तिथेही ओळींची मोजणी शांतच बसणार. कॉक्रोचडीबीत स्टेटमेंट टाइमआउट मुळात शून्य, म्हणजे बंद असतो. तो चालू करा. ट्रान्झॅक्शन उघडून गप्प बसणाऱ्या सेशनसाठी वेगळा टाइमआउट आहे, तोही.

नकार आणि ‘माहीत नाही’

ॲपच्या कोडमध्ये गार्डरेल आणि टाइमआउट, या दोन्हींच्या एररना एकच कॅच ब्लॉक (एरर हाताळणारा कोड) लिहिलेला असतो. तिथे खरी गडबड होते.

गार्डरेलने क्वेरी सुरुवातीलाच नाकारली, तर उत्तर पक्कं असतं: काहीही झालेलं नाही आणि पुन्हा पाठवली तरी तेच होणार. कॅसँड्रा ती चुकीची रिक्वेस्ट म्हणून परत करतो. ती रिट्राय करणं म्हणजे निव्वळ लोड वाढवणं. टाइमआउटचं उत्तर मात्र ‘माहीत नाही’ असं असतं. वाचताना हे चालून जातं. लिहिताना टाइमआउट आला, तर एका रेप्लिकावर डेटा लिहिला गेला असेल, तिन्हींवरही गेला असेल, फक्त पोच वेळेत आली नसेल. वॉलेटच्या काउंटरमधून ५० रुपये वजा करणारा अपडेट असा डोळे मिटून पुन्हा पाठवला की ग्राहकाचे १०० जातात. जावा ड्रायव्हर क्वेरीला मुळात ‘पुन्हा चालवायला सुरक्षित’ समजत नाही ते यासाठीच. जी खरोखर सुरक्षित आहे तिच्यावर तशी खूण आपण स्वतः करायची.

कॉक्रोचडीबीत वेळेवरून रद्द झालेल्या स्टेटमेंटचा कोड ५७०१४ असतो. त्यावर वेगळी वाट काढा, मर्यादेच्या एररवर वेगळी, आणि दोन्हींचे अलार्मही वेगळे ठेवा. टाइमआउट वाढले तर ऑपरेशन्सच्या माणसाला उठवायचं. गार्डरेलचे नकार वाढले तर ज्याने नुकतं डिप्लॉय केलं त्याला.

गार्डरेल लावूनही कुठे निसटतं

लिमिट १० लिहिलं म्हणजे दहाच ओळी वाचल्या जातात, हा समज फार घट्ट रुजलेला आहे. लिमिट परत येणाऱ्या ओळींवर असतं, वाचलेल्या ओळींवर नाही. आपल्या ऑर्डरींच्या टेबलावर मोबाइल नंबरने शोधायचं म्हटलं की कॅसँड्रा आधी अडवतो आणि ‘अलाऊ फिल्टरिंग’ लिहायला सांगतो. ते लिहिलं, लिमिट १० दिलं आणि त्या नंबरच्या तीनच ऑर्डरी निघाल्या, तर चौथीच्या शोधात अख्खं टेबल पालथं घातलं जातं. ४.१ मध्ये ‘अलाऊ फिल्टरिंग’ला पूर्ण बंदी करणारं गार्डरेल आहे. ॲपच्या क्लस्टरवर ते लावावंच असं आमचं स्पष्ट मत आहे. मोबाइल नंबरने शोधायचं असेल तर त्यासाठी दुसरं टेबल बनवा.

दुसरी फट सुपरयूजरची, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरची. कॅसँड्राची गार्डरेल्स सुपरयूजरला लागूच होत नाहीत. पहिल्या दिवशी सोयीसाठी ॲप ‘कॅसँड्रा’ याच मूळ युजरने जोडलं आणि तसंच राहिलं, तर सेटिंगच्या यॅमल फाइलमध्ये कितीही मर्यादा घाला, सगळ्या कागदावरच. तिसरी फट नोडची. ही सेटिंग प्रत्येक नोडच्या आपल्या फाइलमध्ये असते. नऊपैकी आठ नोडवर मर्यादा घातली, तर नवव्याला कोऑर्डिनेटर म्हणून मिळालेली क्वेरी सुखाने निघून जाते. जेएमएक्स या देखरेखीच्या वाटेने चालू नोडवर आकडा बदलता येतो, पण रीस्टार्टला तो पुसला जातो. वाचलेल्या बाइटवर मर्यादा घालणाऱ्या सेटिंगला तर ४.१ मध्ये वेगळा मुख्य स्विच आहे आणि तो मुळात बंद असतो; नुसते आकडे भरून काही होत नाही.

टूम्बस्टोनचं, म्हणजे डिलीट केलेल्या ओळीच्या खुणेचं, प्रकरण थोडं निराळं, कारण हे गार्डरेल मुळातच चालू असतं: एका वाचनात १,००० टूम्बस्टोन ओलांडले की इशारा, १,००,००० ओलांडले की क्वेरी रद्द. समजा ‘डिलिव्हरी बाकी’ असं वेगळं टेबल आहे, ज्यात ऑर्डर पोचली की ओळ डिलीट होते. डिलीट केलेल्या ओळीची खूण किमान ८,६४,००० सेकंद ठेवायची, असं मूळ सेटिंग आहे. ते होतात १० दिवस. म्हणजे चतुर्थीला डिलीट केलेल्या ओळींच्या खुणा अनंत चतुर्दशीच्या आसपासपर्यंत तिथेच पडून असतात, आणि ‘बाकी काय आहे’ हे विचारणाऱ्या प्रत्येक वाचनाला त्या तुडवत जावं लागतं. उत्सव जसा पुढे सरकतो तशी तीच क्वेरी जड होत जाते आणि एके दिवशी रद्द होते. अशा वेळी एक लाखाचा आकडा दोन लाख करायचा मोह होतो. करू नका. पार्टिशन तासावर तोडा, म्हणजे जुन्या खुणा वाचनाच्या वाटेतच येणार नाहीत.

कॉक्रोचडीबीत पूर्ण टेबल स्कॅन नाकारायचं सेटिंग आहे. ते क्वेरीचा प्लॅन बनतानाच अडवतं, म्हणून स्वस्त पडतं. पण इंडेक्सवरून नीट जाऊन दहा लाख ओळी उचलणारी क्वेरी त्याच्या नजरेत स्कॅन नसते. तिच्यासाठी एका ट्रान्झॅक्शनमध्ये किती ओळी वाचता येतील याची मर्यादा आहे; एक सेटिंग फक्त लॉग करतं, दुसरं ट्रान्झॅक्शन पाडतं. दोन्ही प्रकार एकत्र लावा. इथे एक सोय कॅसँड्रापेक्षा बरी: ही सेटिंग रोलवर बसवता येतात. ॲपचा रोल कडक, महिनाअखेरचा रिपोर्ट काढणारा रोल सैल, असं करता येतं. कॅसँड्रात मर्यादा सुपरयूजर सोडून सगळ्यांना सारखीच, म्हणून तिथे रिपोर्टिंगचं काम वेगळ्या डेटासेंटरकडे वळवणं बरं.

एक मात्र दोन्हींपैकी कोणीच पकडत नाही: लूपमधून पन्नास हजार वेळा मारलेली छोटी, निर्दोष क्वेरी. प्रत्येक वेळी ती वेळेतही बसते आणि मर्यादेतही. त्याला रेट लिमिट, म्हणजे ठरावीक वेळात किती क्वेरी चालतील याची मर्यादा, लागतं.

लावायचं कसं

थेट नकारावर जाऊ नका. आधी फक्त इशाऱ्याची पातळी लावा. कॅसँड्रात इशारा लॉगमध्ये पडतो आणि उत्तरासोबत ॲपकडेही येतो. अर्धा सेकंद ओलांडणाऱ्या क्वेरींची नोंद मुळातच चालू असते, तीही वाचा. कॉक्रोचडीबीत ओळींचं लॉग करणारं सेटिंग आधी. एक महिनाअखेर यात सापडेल इतका काळ ठेवा, नाहीतर अकाउंट्सचा रिपोर्ट पहिल्याच नकारात सापडतो. मग ॲपची योग्य, गरजेची अशी सर्वांत जड क्वेरी किती पार्टिशन किंवा ओळी घेते ते पाहा, नकाराचा आकडा तिच्या साधारण दुप्पट ठेवा आणि इशारा तिच्या जरा वर.

ज्या क्वेरी इशाऱ्यात सापडतात त्यांची वाट बदलून द्या. ६३० पार्टिशनचा डॅशबोर्ड दर मिनिटाला बेरीज लिहून ठेवणाऱ्या छोट्या टेबलावर गेला, की त्याला एक-दोन पार्टिशनं पुरतात. पर्याय न देता नकार लावला, तर लोक तीच यादी ९० क्वेरींत फोडून समांतर पाठवतात आणि क्लस्टरच्या माथी तेवढंच काम पडतं.

शेवटची पायरी दर अपग्रेडनंतर आणि दर नव्या नोडनंतर करायची. ॲपच्याच रोलने, सुपरयूजरने नव्हे, प्रत्येक नोडला एकेक करून जोडा आणि ‘इन’मध्ये मर्यादेपेक्षा एक की जास्त घालून क्वेरी चालवा. प्रत्येक नोडने नकार द्यायला हवा. एखाद्याने ओळी परत दिल्या, तर आधी त्या रोलचे अधिकार तपासा, मग त्या नोडची यॅमल फाइल उघडा.