नखाखालची लाली

मामांचा डावा अंगठा खानापूर तालुक्यातल्या त्यांच्याच गोठ्यात, कडबा कुट्टीत तुटला. शेजारच्या पोरानं डोकं चालवलं. तुकडा स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवली. थेट बर्फावर ठेवला असता तर पेशी गोठून मेल्या असत्या. रक्त थांबलं की आधी स्नायू मरतो. बोटात तो फारसा नसतो, म्हणून गार ठेवलेलं बोट बरेच तास तग धरतं.

पूर्ण तुटलेला अंगठा जोडण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जपानमध्ये नारा इथं 1965 साली कोमात्सु आणि तामाई यांनी केली. बोटातली रक्तवाहिनी जेमतेम 1 मिलिमीटरची आणि टाक्यांचा धागा केसाहून बारीक. मामांचं ऑपरेशन बेळगावात पहाटेपर्यंत चाललं. आम्ही सुटकेचा श्वास टाकला, तर डॉक्टर म्हणाले, "आता खरी राखण."

रक्तवाहिनीच्या त्या एवढ्याशा जोडात गुठळी होण्याचा धोका पहिले दोन-तीन दिवस सर्वात जास्त. म्हणून दर तासाला सिस्टर यायच्या, अंगठ्याचा गर हलकेच दाबायच्या आणि सोडायच्या. दाबल्यावर पांढरा, सोडल्यावर दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी. मग शेजारचं बोट तसंच दाबून ताडून बघायच्या. रक्त आणणारी धमनी अडली तर बोट फिकट, थंड, सुरकुतलेलं दिसतं आणि लाली परतायला वेळ लागतो. रक्त परत नेणारी शीर अडली तर उलटं: बोट निळंजांभळं, टम्म फुगलेलं, आणि लाली झटकन परत येते. नळ चालू आणि मोरी तुंबलेली, तसा प्रकार. मला वाटायचं, लाली लवकर आली म्हणजे चांगलंच की! तसं नसतं.

दुसऱ्या रात्री अंगठा निळसर वाटला. डॉक्टरांनी रक्तानं वाळून कडक झालेली पट्टी कापून सैल केली आणि तासाभरात रंग सुधारला. नसता सुधारला तर पुन्हा ऑपरेशन, नाहीतर चक्क जळवा. जळू साचलेलं रक्त ओढते. शिवाय तिच्या लाळेतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या हिरुडिनमुळे ती सुटल्यावरही जखम काही तास पाझरत राहते. तेवढ्यात नव्या बारीक शिरांची वाट तयार होते.

यंत्रंही होतीच. त्वचेचं तापमान 30 अंशांखाली गेलं किंवा शेजारच्या बोटापेक्षा दोन-तीन अंशांनी उतरलं तर धोक्याची घंटा. पण डिसेंबरातल्या बेळगावात साधं बोटही गार पडतं, म्हणून खोलीत हीटर. ऑक्सिमीटरचा चिमटाही उपयोगी: त्याचा प्रकाश नाडीचे ठोके टिपतो, लाट सपाट झाली की रक्त पोचत नाहीये. तरी सिस्टरांचा भरवसा स्वतःच्या डोळ्यांवरच जास्त, आणि मला तो पटला.

मामांचं खरं दुखणं वेगळंच होतं. विडी बंद! निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात. भेटायला आलेल्या निपाणीच्या पाव्हण्यांनाही विडीचं बंडल गेटवर ठेवून यावं लागलं.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी अंगठ्याला सुई टोचली. लालभडक थेंब आला. मामांना काहीच कळलं नाही, कारण मज्जातंतू दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतात. ते थेंबाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "माझंच रगात नव्हं हे?"