कॅम्पेनमध्ये जत्रा भरवताय? टेबल बुक करण्याआधी एवढं वाचा

गणपती जवळ आले की आमच्याकडे टेबल घेऊन रोल-प्लेइंग गेम खेळायला येणाऱ्या बऱ्याच डीएम मंडळींना (म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणाऱ्यांना) एकच कल्पना सुचते: आपल्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीत, यंदा एक जत्रा घेऊ. कुस्ती, तिरंदाजी, घोड्यांची शर्यत, खाण्याची पैज, सगळं. कल्पना उत्तमच आहे. अडचण एवढीच, की रात्री साडेनऊला टेबल पुढच्या ग्रुपला द्यायचं असतं आणि तिकडे तिरंदाजीची उपांत्यपूर्व फेरी अजून सुरू असते. मग "दादा, फक्त दहा मिनिटं" होतं. दहाची चाळीस होतात, आणि बाहेर जिन्यात उभ्या असलेल्या ग्रुपचं बोलणं आम्हाला ऐकावं लागतं.

म्हणून हे पत्रक. डीसी, बोनस, कॅरेक्टर शीट वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरलं आहे. आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीप्रमाणे आहेत, कारण आमच्याकडे तीच जास्त खेळली जाते. तुमची सिस्टीम वेगळी असेल तर आकडे बदलतील, दुखणं तेच राहील.

वेळ नेमका कुठे जातो

नॉकआउटमध्ये. दहातले नऊ ग्रुप इथेच अडकतात असं आम्ही बेधडक म्हणतो.

स्पर्धेत सोळा जण उतरवले, तर विजेता सोडून पंधरा जणांना कधी ना कधी हरावं लागणार. म्हणजे पंधरा लढती. एका लढतीला चार मिनिटं धरली तरी तास गेला. तुमच्यातला एक प्लेअर उतरला असेल तर त्याच्या वाट्याला यातल्या जास्तीत जास्त चार लढती येतात. उरलेल्या अकरा लढतींत डीएम एका हाताने लोहाराचा फासा टाकतो, दुसऱ्या हाताने खाटकाचा, दोघांच्या वतीने ओरडतोही तोच, आणि टेबलावरचे बाकीचे मोबाईल काढतात. ज्यांची नावंही कुणाला लक्षात राहणार नाहीत अशा दोन माणसांच्या कुस्तीसाठी फासा टाकायची काहीही गरज नसते. "तोवर लोहाराने खाटकाला आस्मान दाखवलं" एवढं एक वाक्य पुरतं.

दुसरं दुखणं गणिताचं आहे आणि ते पटकन ध्यानात येत नाही. समजा, तुमच्या फायटरचा (लढवय्या पात्राचा) ॲथलेटिक्सचा बोनस, म्हणजे ताकदीच्या कामात फाशाच्या आकड्यात मिळवायची भर, ५ आहे आणि समोरच्याचा शून्य. दोघांनी वीस बाजूंचा फासा एकेकदा टाकला आणि बरोबरी झाली तर पुन्हा टाकला, तर फायटर जिंकण्याची शक्यता शंभरात सुमारे ७३. चांगली वाटते ना? आता अशा चार लढती ओळीने जिंकायच्या असतील तर ती येते सुमारे २८ वर. तीही चारही प्रतिस्पर्धी अगदीच बिनबोनसचे असताना. म्हणजे गावातला सगळ्यात तगडा गडी म्हणून ज्याला तुम्ही सहा महिने खेळवलंत, तो बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत येणार. आणि पहिल्याच फेरीत पडला, ज्याची शक्यता शंभरात २७ आहेच, तर तो प्लेअर पुढचा तासभर नुसता बसून राहणार.

नॉकआउट सोडा, फड लावा

यावरचा तोडगा आपल्याकडे गावोगाव आहे. सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडच्या यात्रेतला कुस्तीचा फड पाहिला असेल तर लगेच लक्षात येईल. तिथे नॉकआउट नसतं. जोडी लावतात. पंच मंडळी पोरांना शेजारी शेजारी उभं करून अंगापिंडाने तोलामोलाची जोड ठरवतात, इनाम आधीच जाहीर होतं आणि हलगी कडाडते. लहान पोरांच्या कुस्त्या आधी, मग वाढत्या इनामाच्या, आणि एक नंबरची कुस्ती सगळ्यात शेवटी. प्रत्येकाची एकच लढत. चितपट झाली तर निकाली, नाही झाली तर पंच बरोबरीत सोडवतात. हरलेल्यालाही आपली कुस्ती मिळालेली असते, आणि कुणाला पाच फेऱ्या थांबून राहावं लागत नाही.

हेच टेबलावर करा. ज्याला उतरायचं आहे त्याला एकच जोड द्या. जोड तुम्ही लावणार आहात, त्यामुळे ती रंगेल अशी लावा. बार्बेरियनला, म्हणजे रांगड्या योद्ध्याला, त्याच्याइतकाच आडदांड खाणकामगार द्या. विझार्ड, म्हणजे पुस्तकी जादूगार, हौसेने लंगोट कसून आलाच, तर त्याला सरपंचाचा भाचा द्या. ही लढत तीनपैकी दोन डावांची ठेवा. वर ज्याला शंभरात ७३ संधी होती त्याला आता ८२ च्या आसपास मिळते. कसलेल्या गड्याला कसलेला असल्याचा उपयोग होतो, पण निकाल आधीच ठरल्यासारखा वाटत नाही. शिवाय तीन डाव म्हटले की दुसऱ्या डावाआधी काहीतरी बदलता येतं. समोरचा लंगडतोय हे परसेप्शनवर (नजरेच्या रोलवर) दिसलं, मित्राने बाहेरून ओरडून सांगितलं, की पुढच्या डावाला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) द्यायला कारण मिळतं.

बरोबरीला घाबरू नका. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांतही दोघांचे आकडे सारखे आले तर परिस्थिती होती तशीच राहते असंच दिलं आहे. दोन वेळा बरोबरी झाली तर पंचांनी कुस्ती सोडवली म्हणून जाहीर करा आणि इनाम वाटून द्या. पुढे त्या खाणकामगाराशी दोस्ती होते, आणि ती गोष्टीला फार उपयोगी पडते.

काही जण म्हणतात, आम्हाला फायनल हवीच. घ्या की. पण फासे फक्त शेवटच्या दोन लढतींना टाका. आधीच्या फेऱ्या दोन वाक्यांत सांगून मोकळे व्हा.

काउंटरवर मिळणाऱ्या आमच्या जत्रेच्या पाकिटात बत्तीस जणांचा नॉकआउटचा तक्ता का नाही, अशी तक्रार बरेचदा येते. पूर्वी होता. तो मुद्दाम काढला. तक्ता हातात आला की माणूस भरायला बसतोच.

पाच जण, पाच दिशा

जत्रेत शिरल्यावर डीएम विचारतो, "तुम्ही काय करता?" रोग (चोरटं पात्र) पाकीटमारीला निघते, बार्ड (गाणारं पात्र) तंबूकडे, पॅलाडिन (धर्मयोद्धा) देवळात. मग रोगची पाकीटमारी, तिच्यामागे लागलेला शिपाई, छपरावरची पळापळ असं करत पाऊण तास जातो. पॅलाडिन तोवर देवळाच्या पायरीवरच.

यासाठी दिवसाचे तीन भाग करा: सकाळ, दुपार, रात्र. प्रत्येक भागात प्रत्येकाला एकच गोष्ट करता येईल. पाच प्लेअर, तीन भाग, एकेकाला सहा मिनिटं, म्हणजे दीड तासात पंधरा छोटे प्रसंग. शिपाई मागे लागला की तिथेच थांबा आणि पुढच्याकडे वळा. छपरावर काय झालं ते दुपारी कळेल. सहा मिनिटांसाठी आम्ही वाळूचं घड्याळ देतो. मोबाईलचा टायमर लावू नका. मोबाईल एकदा हातात आला की तो खाली जात नाही.

काही स्पर्धा सगळ्यांना एकदम खेळता येतात आणि त्याच जास्त रंगतात. धावण्याच्या शर्यतीत सगळ्यांनी तीन वेळा फासे टाकायचे: सुटताना डेक्स्टेरिटी (चपळाई), मधल्या टप्प्यात कॉन्स्टिट्यूशन (दमखम), शेवटी ॲथलेटिक्स. बेरीज ज्याची जास्त तो पहिला. दोन मिनिटांत आटोपतं आणि प्रत्येक टप्प्यानंतर कोण पुढे ते कळत राहतं. पिण्याच्या पैजेत कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (तग धरायचा रोल), पहिल्या पेल्याला डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १०, पुढच्या प्रत्येक पेल्याला दोनने वाढ. उरेल तो जिंकेल.

गाण्याच्या किंवा कोड्यांच्या स्पर्धेत एक पथ्य पाळा. बार्डला गाता येतं, बार्ड खेळणाऱ्या मुलीला यायलाच हवं असं नाही. "गाऊन दाखव मग" असा आग्रह करून आमच्याकडे एकदोन जण पुन्हा आलेच नाहीत. फासा टाकू द्या. गायचंच असेल तर ती स्वतःहून गाईल. कोड्यांचंही तसंच. इंटेलिजन्सचा रोल चांगला पडला तर एक धागा द्या.

शर्यत दीड मिनिटाची, गंमत चार दिवसांची

इटलीतल्या सिएना गावात दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला पालिओ नावाची घोड्यांची शर्यत होते. गावाच्या १७ पेठांपैकी १० पेठा एका वेळी धावतात, गावच्या मुख्य चौकालाच तीन फेरे, स्वार खोगिराविना. शर्यत जेमतेम दीड मिनिटात संपते. सोहळा मात्र चार दिवस चालतो. घोडे चिठ्ठ्या टाकून वाटले जातात, सरावाच्या फेऱ्या होतात, आणि स्वारांची एकमेकांशी उघड-छुपी देवाणघेवाण चालते: तू त्याला अडव, मी तुला इतके देतो. जिंकण्याइतकंच शेजारच्या वैरी पेठेला हरवणं महत्त्वाचं. आणि स्वार पडला तरी घोडा एकट्याने पहिला आला तर ती पेठ जिंकते.

डीएमने उचलावं असं यात सगळंच आहे. फासे टाकायचा भाग आखूड ठेवा आणि त्याआधीची कारस्थानं लांबवा. शर्यतीला तीन फेरे द्या. प्रत्येक फेऱ्याला प्लेअरने निवडायचं: पिटाळायचं, शेजाऱ्याला अडवायचं की जपून कडेने जायचं. पण त्याआधी अर्धा तास त्यांना तबेल्यात, गुत्त्यात, देवळामागे सौदे करू द्या. ज्यांना घोड्यावर बसता येत नाही तेही यात उतरतात. आणि घोडा एकटाच जिंकण्याचा नियम तर जरूर ठेवा. तो घोषित केलात की प्राण्याचं रूप घेऊ शकणारी तुमची ड्रुइड सरळ होऊन बसेल.

स्कॉटलंडच्या हायलँड खेळांतलं ओंडका फेकणंही बघा. तिथे तो किती लांब गेला यापेक्षा उलटून किती सरळ पडला ते पाहतात. उचलायला ॲथलेटिक्स, सरळ पाडायला डेक्स्टेरिटी. नुसत्या ताकदीच्या गड्याची भंबेरी उडते.

जादू चालते का?

हा प्रश्न हमखास येतो, तोही स्पर्धा अर्ध्यावर असताना. आधीच ठरवा.

आमचा सल्ला: बंदी ठेवा, पण ती मोडता येण्यासारखी ठेवा. गायडन्स या कॅन्ट्रिपने (कितीही वेळा वापरता येणाऱ्या साध्या मंत्राने) रोलमध्ये चार बाजूंच्या फाशाची भर पडते, पण त्यासाठी माणसाला हात लावून मंत्र पुटपुटावा लागतो. पंचाला ते दिसू शकतं. पंचाकडे डिटेक्ट मॅजिक (जादू ओळखायचा मंत्र) असेल तर ते ३० फुटांपर्यंतच चालतं आणि दहा मिनिटांत संपतं. लाँगबोचं (लांब धनुष्याचं) निशाण १५० फुटांवर असेल तर पंच उभा कुठे आहे, हा मोठाच प्रश्न होतो. एवढ्यावर लबाड प्लेअरचा दिवस जातो. पकडलं तर इनाम समोरच्या जोडीदाराला आणि गावभर बदनामी. तुरुंगात टाकू नका. तुरुंग फोडायचा नवा सेशन सुरू होतो आणि जत्रा राहते बाजूला.

पैसे आणि हल्ले

बक्षीस म्हणून जादूची तलवार देऊ नका. सुरुवातीच्या लेव्हलला ५० सोन्याच्या नाण्यांची हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध) खूप झाली. त्यापेक्षा फेटा, गावजेवणात मानाचं पान, पाटलाच्या घरी कायमचा मुक्काम असलं काही दिलं तर ते प्लेअर जास्त जपतात. सट्टेवाला ठेवलात तर एका पैजेला दहा नाण्यांची मर्यादा घाला, नाहीतर पार्टीची सगळी तिजोरी लोहारावर लागते.

आणि तो हल्ला. जत्रा म्हटली की ड्रॅगन येणार हे आता सगळ्यांना पाठ झालं आहे. प्लेअर चिलखत काढत नाहीत, कुस्तीतही मन लावत नाहीत. काही घडवायचंच असेल तर शेवटचं इनाम हातात पडल्यावर घडवा. खरं सांगायचं तर काही नाही घडलं तरी चालतं.

आमच्याकडून

जत्रेचं पाकीट काउंटरवर मिळतं. त्यात बारा स्पर्धांची कार्डं, जोडी लावायला चोवीस गड्यांची तयार नावं आणि बोनस, इनामाची पुठ्ठ्याची नाणी आणि वाळूचं घड्याळ आहे. किंमत ३५० रुपये. टेबल बुक केलं असेल तर शंभरात भाड्याने देतो. हातानेही हे सगळं बनवता येतं, वर दिलेल्या माहितीवर सहज जमेल. ज्यांना आदल्या रात्री वेळ नसतो त्यांच्यासाठी पाकीट आहे.

सेशन जत्रेचं असेल तर बुकिंग करताना सांगा. शनिवार-रविवारचे साडेतीन तास पाच जणांना पुरतात, सात जण असाल तर आठवड्यातली संध्याकाळ घ्या, मागे कुणी नसतं. जादा अर्ध्या तासाचं भाडं आम्ही लावतो, ते काहींना खटकतं. पण ते पैसे आम्ही पुढच्या ग्रुपच्या बिलातून कमी करतो. थांबलेले ते असतात.

वाळूचं घड्याळ परत करताना आडवं ठेवू नका, वाळू अडकते.